पोतं न उसवता

घोटीच्या बाजारात भातगिरणीसमोर उभं राहिलं की एक खेळ फुकट पाहायला मिळतो. टेम्पोतून पोती उतरतात. व्यापारी कमरेची लोखंडी सळई काढतो. टोकदार, आणि पन्हळीसारखी आतून पोकळ. ती तागाच्या विणीतून तिरपी आत जाते आणि मूठभर तांदूळ घसरत तळहातावर येतो. व्यापारी तो फुंकतो, वास घेतो, दोन दाणे दाढेखाली धरतो. "इंद्रायणी आहे, पण गेल्या सालची," एवढंच म्हणतो. सळईच्या टोकानं भोकावर दोन ओरखडे ओढले की वीण पुन्हा जुळते. पोतं उसवलं नाही, शिवण सुटली नाही, तरी आतला माल नावानिशी कळला. शितावरून भाताची परीक्षा घरोघर होते, ही पोत्यावरून.

या पुस्तिकेचा विषय म्हणजे अशीच एक सळई. फरक इतकाच की ती क्ष-किरणांची आहे, तिला भोकही पाडावं लागत नाही, आणि दाढेखाली दाणा धरायचं काम एक स्फटिक करतो, तेही खोलीच्या साध्या तापमानाला. हे शेवटचे शब्द साधे वाटतात, पण सगळं पाणी तिथेच मुरलेलं आहे. पुस्तिकेची निम्मी पानं त्यांच्यावरच खर्ची पडली आहेत.

पुस्तिका निघाली ती एका प्रश्नातून. पावसाळ्यात बारावीच्या मुलांना मी संध्याकाळी भौतिकशास्त्र शिकवत असे. त्यातल्या एकाचे वडील न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन आग्रा रोडनं वर जातात. कसाऱ्याचा घाट चढून आले की घोटीच्या टोलनाक्याअलीकडे चहाला थांबतात. पोरानं विचारलं, "सर, बंदरावर कंटेनर स्कॅनरमधून काढतात, तेव्हा आत काय आहे ते त्यांना कळतं का?" मी म्हणालो, "आकार कळतो. नाव कळत नाही." तो म्हणाला, "मग नाव कशानं कळतं?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं त्या उत्तरात गेली.

विल्हेल्म रॉन्टगेनला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. दीड महिन्यानं, २२ डिसेंबरला, त्यानं बायकोच्या हाताचा फोटो घेतला. त्यात हाडं दिसली, अंगठी दिसली. पण ती अंगठी सोन्याची की पितळेची, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता आलं नसतं. सव्वाशे वर्षांनंतर विमानतळावरच्या पट्ट्यावर आपली बॅग आत जाते, तेव्हाही बरंचसं तेच घडतं. फरक इतकाच की आता सावली रंगीत असते. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडतं, ते किती अडले याची तुलना करतं, आणि आतल्या वस्तूचा सरासरी अणुक्रमांक अंदाजानं काढतं. हलका असेल तर नारिंगी, धातू असेल तर निळा, मधला असेल तर हिरवा. नारिंगीत मात्र सगळा गोतावळा येतो: साखर, साबण, चीज, पुस्तकं, चामडं, प्लास्टिक, आणि स्फोटकंही.

याचा अनुभव मी घेतला आहे. परदेशी राहणाऱ्या बहिणीला कोल्हापुरी गूळ हवा होता. किलोची ढेप कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवली. एका विमानतळावर (कुठल्या ते राहू द्या) बॅग बाजूला काढली गेली. पडद्यावर जाड, एकसंध, नारिंगी ठोकळा दिसत होता. अधिकाऱ्यानं कापड सोडलं, ढेपेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, गूळ. त्याला गूळ हा शब्द ठाऊक नव्हता आणि मला त्याची भाषा धड येत नव्हती. शेवटी त्यानं कोपरा खरवडून वास घेतला. म्हणजे कोट्यवधींचं यंत्र शेवटी घोटीच्या व्यापाऱ्याच्या नाकावर येऊन थांबलं. त्या अधिकाऱ्याचा मला राग आला नाही. त्याच्या यंत्राला सावलीच्या पलीकडचं दिसत नव्हतं, यात त्याचा काय दोष?

नाव का कळत नाही, ते दुकानाच्या गल्ल्यावरून समजून घेऊ. साधं यंत्र रात्री गल्ल्यातली एकूण रक्कम मोजतं. तीन हजार चारशे. पण त्यात पाचशेच्या किती, शंभराच्या किती, दहाची नाणी किती, हे त्याला ठाऊक नसतं. क्ष-किरणांचा प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, आपापली ऊर्जा घेऊन येतो. ती त्याची किंमत, नोटेवर छापलेली. एकूण उजेड मोजणाऱ्या यंत्रात सगळ्या नोटांची बेरीज होऊन जाते आणि कुठली नोट कुठून आली हा पुरावा तिथेच नष्ट होतो. नाव हवं असेल तर प्रत्येक फोटॉन वेगळा पकडून त्याची किंमत वाचावी लागते, सेकंदाला हजारोंच्या हिशेबानं.

किंमत वाचून मूलद्रव्याचं नाव सांगता येतं, हे १९१३ मध्ये मँचेस्टरला हेन्री मोझली यानं दाखवून दिलं. प्रत्येक मूलद्रव्याला डिवचलं की ते ठरावीक ऊर्जेचेच क्ष-किरण परत देतं, आणि ही ऊर्जा अणुक्रमांकाबरोबर नेमानं वाढत जाते. दोनच वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. त्याचा नियम मात्र आज नाशिकच्या सराफ बाजारात रोज वापरला जातो, सोन्याचा टंच काढणाऱ्या पेटीत. दागिना पेटीत ठेवला, झाकण लावलं, की अर्ध्या मिनिटात पडद्यावर शिखरं उभी राहतात. तांब्याचं ८.०५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला, सोन्याची ९.७१ आणि ११.४४ ला, चांदीचं २२.२ च्या आसपास. कसोटीच्या दगडावरची रेघ डोळ्याला जे सांगते, ते इथे आकड्यात येतं.

आता खरी मेख. सोन्यात इरिडियम मिसळणारे महाभाग आहेत. ते जड असतं, सोन्यात विरघळत नाही, नुसतं दाण्यांच्या रूपात लपून बसतं. इरिडियमचं शिखर ९.१८ ला येतं, म्हणजे सोन्याच्या शिखरापासून जेमतेम अर्ध्या एककावर. वायूनं भरलेल्या नळीचे जुने शोधक एवढ्या ऊर्जेला सुमारे एक एकक जाडीचंच शिखर काढतात. त्यामुळे दोन्ही शिखरं मिळून एकच टेकाड दिसतं आणि चोर टेकाडामागे लपतो. सिलिकॉनच्या नव्या शोधकाचं शिखर याच्या सहा-सातपट बारीक असतं. त्यात दोन सुळके वेगळे दिसतात आणि चोर पकडला जातो. सराफानं यंत्र घेताना किंमत विचारावी, पण आत शोधक कुठला आहे हे आधी विचारावं. पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात मी हे जरा पोटतिडकीनं लिहिलं आहे. त्याबद्दल माफी मागत नाही.

हळदीचंही तसंच. पिवळेपणा वाढवायला काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळतात. बांगलादेशात २०१९ नंतर तपासनिसांनी हातातलं क्ष-किरण यंत्र थेट ढाक्याच्या घाऊक बाजारात नेलं, जागच्या जागी पूड तपासली, आणि भेसळ झपाट्यानं उतरली. सांगलीच्या हळद बाजाराकडे पाहताना मला ते यंत्र आठवतं. पण इथेही एक फसवणूक आहे. शिशाचं मुख्य शिखर १०.५५ ला आणि आर्सेनिकचं १०.५४ ला. हा फरक जगातला कुठलाच असा शोधक दाखवू शकत नाही. मग दोघांची दुसरी शिखरं पाहावी लागतात: शिशाचं १२.६१, आर्सेनिकचं ११.७३. यंत्र खोटं बोलत नाही, पण अर्धवट विचारलं की अर्धवटच सांगतं.

आता त्या स्फटिकाकडे येऊ. फोटॉन अर्धवाहक स्फटिकात शिरला की आपली ऊर्जा खर्चून इलेक्ट्रॉन मोकळे करतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक रिकामी जागा उरते, तिला पोकळी म्हणू. जितकी ऊर्जा, तितक्या जोड्या. जोड्या मोजल्या की नोटेवरची किंमत कळली. ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन जर्मेनियममध्ये सुमारे २०,००० जोड्या मोकळ्या करतो. मोजायला हे भरपूर आहे. अडचण अशी की इलेक्ट्रॉन मोकळे करायला फोटॉनच लागतो असं नाही. खोलीतली उष्णताही तेच काम करते, आणि ती क्षणभरही थांबत नाही.

इगतपुरी-घोटीकडच्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. आषाढात पत्र्याच्या घरात बसा. धोधो पाऊस कोसळतो आहे. कुणी दारावर टकटक केली तर ऐकू येईल का? जर्मेनियम म्हणजे असं पत्र्याचं घर. टकटक ऐकायची तर पाऊसच थांबवावा लागतो, म्हणून स्फटिक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. हा नायट्रोजन आपल्याला अनोळखी नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी जी पांढरी वाफ सोडणारी ॲल्युमिनियमची कॅन असते, त्यात तोच असतो. ती वेळच्या वेळी भरली नाही तर आतल्या कांड्या वाया जातात, हे कुठल्याही दूधवाल्याला ठाऊक असतं. अशी कॅन पाठीवर घेऊन कोणता हवालदार नाक्यावर उभा राहील?

दुसरा उपाय पाऊस थांबवण्याचा नाही, छप्पर बदलण्याचा आहे. इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला जो उंबरठा ओलांडावा लागतो तो जर्मेनियममध्ये ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनमध्ये १.१२, आणि कॅडमियम झिंक टेल्युराइडमध्ये सुमारे १.६ असतो. आकडे जवळजवळ वाटतात, पण उंबरठा जरा वाढला की उष्णतेनं मोकळे होणारे इलेक्ट्रॉन अनेक पटींनी घटतात. हे कौलारू घर. बाहेर पाऊस तोच, आत टकटक स्वच्छ ऐकू येते. शिवाय कॅडमियम आणि टेल्युरियम जड मूलद्रव्यं असल्यामुळे दोन मिलिमीटरचा काप ६० च्या जवळजवळ सगळ्या फोटॉनना अडवतो. सिलिकॉनच्या पातळ चकतीतून तेच फोटॉन बहुतांशी आरपार निघून जातात. सोन्याच्या पेटीला सिलिकॉन पुरतं. बॅगेच्या पोटात शिरून बाहेर आलेले किरण वाचायला हा जड स्फटिकच हवा.

मग तो सगळीकडे का नाही? कारण तो वाढवणं महाकठीण आहे. वितळलेलं मिश्रण अतिशय सावकाश गोठवावं लागतं, त्यात टेल्युरियमचे बारीक खडे अडकून बसतात, आणि एका मोठ्या गठ्ठ्यातून कामाचे काप थोडेच निघतात. त्यात आणखी एक खोड. या स्फटिकात इलेक्ट्रॉन झपाझप पळतात, पण पोकळ्या रेंगाळतात आणि वाटेतच अडकतात. एका जुवाला खिल्लार आणि डांगी जुंपल्यासारखं. (डांगीवाल्यांनी रागावू नये. आपल्याकडच्या चिखलात डांगीच चालतो हे मलाही ठाऊक आहे.) पोकळी पोचली नाही की मोजणी कमी भरते आणि पाचशेची नोट साडेचारशेची वाटते. यावर १९९४ मध्ये बर्कलीच्या पॉल ल्यूक यांनी तोड काढली. इलेक्ट्रोड अशा रीतीनं मांडायचे की हिशेब फक्त इलेक्ट्रॉनांचाच धरला जाईल आणि पोकळ्यांची वाट पाहायचीच नाही. पृष्ठभागावर बारीक चौकोन पाडूनही तेच साधतं. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी युक्ती हीच, म्हणून तिला पूर्ण एक प्रकरण दिलं आहे.

या स्फटिकाचं मराठी मुलुखाशी नातंही आहे, आणि ते आकाशातून जातं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट उपग्रह सुटला. त्यावरचा कॅडमियम झिंक टेल्युराइडचा कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झाला आणि त्याच्या निरीक्षणांचं काम पुण्याच्या आयुकात चालतं. सुमारे चार सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि पाच मिलिमीटर जाडीच्या ६४ चकत्या, प्रत्येकीवर २५६ चौकोन, म्हणजे १६,३८४ डोळे. नायट्रोजनची टाकी नाही. ६ ऑक्टोबरला कॅमेरा चालू केला आणि त्याच दिवशी त्यानं एक गॅमा-किरण स्फोट टिपला. पुढे खेकडा तेजोमेघातल्या पल्सारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरणही त्यानं मोजलं. हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा फोटॉन वाचणारा स्फटिक आणि बॅगेतली पूड वाचणारा स्फटिक एकाच जातीचे आहेत. मात्र ॲस्ट्रोसॅटच्या त्या चकत्या इस्रायली कंपनीकडून आल्या होत्या. टेल्युरियम तांबं शुद्ध करताना उरलेल्या गाळातून निघतं, कॅडमियम जस्ताबरोबर येतं. धातू आपल्याकडे आहेत, ते अतिशुद्ध करण्याचं काम हैदराबादला होतं. मोठा, निर्दोष स्फटिक वाढवण्याची चिकाटी मात्र आपण पुरेशी दाखवलेली नाही. उपग्रहाची बातमी पहिल्या पानावर येते. भट्टीपाशी महिनोन्‌महिने बसणाऱ्याची येत नाही.

मूलद्रव्याचं नाव कळलं तरी पदार्थाचं नाव कळतंच असं नाही. साखर, आरडीएक्स, मेफेड्रोन या सगळ्यांत कार्बन-हायड्रोजनासारखे हलकेच अणू, आणि त्यांचे स्वतःचे किरण इतके दुबळे की पुडीबाहेरही येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना पकडला, तेव्हा वर्तमानपत्रांत पांढऱ्या पुडीचे फोटो छापून आले. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात निदान सात पांढऱ्या पुडी आहेत: मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा, तुरटी, बोरिक पावडर, मैदा, रांगोळी. फोटोत सगळ्या सारख्याच.

इथे ब्रॅग पितापुत्र मदतीला येतात. १९१२-१३ मध्ये त्यांनी दाखवलं की स्फटिकातले अणूंचे थर ठरावीक अंतरांवर असतात आणि क्ष-किरण त्यांच्यावरून ठरावीक हिशेबानंच वळतात. बारीक किरणशलाका पुडीवर टाकायची आणि चार अंशांनी वळलेले फोटॉन तेवढे स्फटिकानं वाचायचे. मिठाच्या थरांमधलं मुख्य अंतर २.८२ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणून शिखर येतं ६३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला. कॅल्साइटच्या रांगोळीचं अंतर ३.०४, शिखर ५८.५ ला. पाकीट बंदच, पण मीठ कुठलं आणि रांगोळी कुठली हे सांगता आलं. हे गणित दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पायरीपायरीनं दिलं आहे. त्याला दहावीची त्रिकोणमिती पुरते.

ही सळई कुठे चालत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात करतो आहे असं वाटेल. वळून येणारे फोटॉन फार थोडे असतात, म्हणून वेळ लागतो. पिशवी, पार्सल, टपाल यांसाठी ठीक. पण घोटीच्या नाक्यावरचा भरलेला कंटेनर भेदायला काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण लागतात आणि तिथे पुन्हा सावलीवरच भागवावं लागतं. त्या पोराच्या वडिलांच्या गाडीबाबत माझं उत्तर आजही तेच आहे: आकार कळतो, नाव नाही. शिवाय यंत्र ओळखतं, पण अडवत नाही. १९९३ च्या जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या मालाचे ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले आणि लाच घेऊन सोडून दिले, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली. तिथे कुठल्याही स्फटिकानं काय केलं असतं?

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. शिखरं दिसली तरी ती कुणाची हे सांगायला यादी लागते, ओळखीच्या ठशांची वही. परदेशात बनलेल्या यंत्राच्या वहीत तिथल्या लोकांच्या बॅगेतले पदार्थ असतात. गुळाची ढेप, खडीसाखर, मेतकूट, खवा, शिरगोळ्याची रांगोळी, नवसागर यांचे ठसे आपणच घ्यायचे आहेत. ते काम मोठ्या प्रयोगशाळेचंच आहे असंही नाही. जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात क्ष-किरण विवर्तनाचं उपकरण आहे, तिथले एमएस्सीचे विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत निम्मी वही भरतील.

पुस्तिकेच्या शेवटी चार पानं कोरी ठेवली आहेत. वर तीन रकाने आहेत: पदार्थ, थरांमधलं अंतर, शिखर. पहिल्या दोन ओळी, मीठ आणि कॅल्साइटची रांगोळी, मी भरल्या आहेत. तिसऱ्या ओळीत गूळ लिहून पुढचे रकाने रिकामे सोडले आहेत. ज्याला उपकरण मिळेल त्यानं ते भरावेत आणि आकडे मला कळवावेत. पुढच्या आवृत्तीत छापीन.